नत्र, क्षार आणि भाताचे रोप : एका रूढ विधानाची चिकित्सा



मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा कृषिविद्या यांपैकी कोणताही विषय घेतलेला असो, 'नत्रयुक्त खत दिल्यास रोपांची क्षारसहिष्णुता वाढते' हे विधान तुमच्या वाचनात आलेले असेल. ते प्रकल्प अहवालांच्या निष्कर्षात असते आणि शिफारशींच्या पत्रकांत वेगळ्या शब्दांत असते. परीक्षेच्या उत्तरात तर ते कारणे न देताही चालून जाते. प्रस्तुत टिपणात आपण या विधानाची चिकित्सा करणार आहोत. विधान साफ खोटे आहे असे इथे म्हणायचे नाही. त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सुट्या करायच्या आहेत. त्या सुट्या केल्या नाहीत तर प्रयोगशाळेतला निष्कर्ष शेतात चुकीच्या जागी लागू होतो, आणि त्याची किंमत शेतकऱ्याला एका हंगामाने मोजावी लागते.

हे टिपण वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

(१) खारवट आणि चोपण जमिनींमध्ये जादा नत्र देण्यामागची कारणे वेगळी का आहेत, ते सांगणे.
(२) नत्र आणि क्षार यांच्या प्रयोगाचा तक्ता पाहून 'सहिष्णुता वाढली' हा निष्कर्ष निघतो की नाही, ते ठरवणे.
(३) पिवळ्या पडलेल्या रोपाला नत्र हवे आहे की आणखी काही, याचे प्राथमिक निदान करणे.

१. उदाहरणासाठी तिरुवैयारु का?

तंजावरच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. 'तिरु', 'ऐ' आणि 'आरु' या तमिळ शब्दांतून 'पवित्र पाच नद्यांचे गाव' असा नावाचा अर्थ होतो. संस्कृतात याच गावाला पंचनद म्हणतात. मराठी वाचकाला ते दोन कारणांनी ठाऊक असते : त्यागराजांची समाधी इथे आहे, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात होता.

आपल्या विषयासाठी या गावाचे महत्त्व वेगळे आहे. ते कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या अंगाला आहे. इथली जमीन नदीने आणलेल्या गाळाची आणि पाणी नदीचे, म्हणजे गोडे. समुद्र इथून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. कालव्यांच्या वाटेने तिरुवारूर, नागपट्टिनम, वेदारण्यम अशा दिशेने गेले की आपण पाण्याच्या शेवटच्या टोकाला पोचतो. तिथे नदीचे पाणी उशिरा आणि कमी येते, भूजल खारे असते, आणि वेदारण्यमला तर मिठागरेच आहेत. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आहे. पाणी सुटायला उशीर झाला, तर वरच्या अंगाला कुरुवै हंगाम पुढे ढकलला जातो; टोकाला मात्र कोवळे रोप खाऱ्या पाण्यावर जगवायची वेळ येते.

म्हणजे एकाच नदीच्या, एकाच पिकाच्या पट्ट्यात एका टोकाला क्षाराचा प्रश्न जवळपास नाही आणि दुसऱ्या टोकाला तो रोजचा आहे. खताचे पत्रक मात्र दोन्हीकडे सारखेच वाचले जाते. 'नत्राने सहिष्णुता वाढते' हे विधान तपासायला यापेक्षा सोयीचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

२. दोन जमिनी, दोन शब्द

मराठीत आपण 'क्षारपड' हा एकच शब्द ढोबळपणे वापरतो; पण शेतकऱ्याच्या बोलीत दोन शब्द आहेत : खारवट आणि चोपण. तमिळमध्येही असेच दोन शब्द आहेत. 'उवर' म्हणजे खारवट आणि 'कळर' म्हणजे चोपण. दोन्ही भाषांनी केलेला हा भेद शास्त्राच्या व्याख्येशी जुळतो.

अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्गीकरण आजही पाठ्यपुस्तकांत वापरले जाते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जमीन खारवट. विद्युतवाहकता ४ पेक्षा कमी, पण सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती चोपण.

खारवट जमिनीत रोपाचा त्रास मुख्यतः दोन टप्प्यांत होतो. आधी मुळांना पाणी ओढणे कठीण जाते. हा परासरणाचा ताण. मग पानांत सोडियम आणि क्लोराइड साठत जाऊन जुनी पाने जळतात. हा आयनांचा ताण. मन्स आणि टेस्टर यांनी २००८ मधील आढाव्यात ही दोन टप्प्यांची मांडणी स्पष्ट केली आहे. चोपण जमिनीत यापेक्षा वेगळे घडते. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि चढ्या सामूमुळे जस्तासारखी अन्नद्रव्ये मिळेनाशी होतात.

आता स्वतःला विचारा : नत्र यांपैकी नेमके काय दुरुस्त करते? ते परासरणाचा ताण कमी करत नाही, सोडियम बाहेर काढत नाही, मातीची रचनाही सुधारत नाही. तरीही दोन्ही जमिनींसाठी जादा नत्राची शिफारस आहे. ती आली कुठून?

३. '२५ टक्के जादा' या शिफारशीचे मूळ

चोपण जमिनींसाठी कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेची शिफारस प्रसिद्ध आहे : भाताला हेक्टरी १२० किलोऐवजी १५० किलो नत्र, म्हणजे २५ टक्के जादा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या मार्गदर्शनातही क्षारग्रस्त जमिनींसाठी नेहमीच्या मात्रेपेक्षा २० ते २५ टक्के जादा नत्र सुचवलेले आहे. या शिफारशीमागचे कारण साधे आहे. अशा जमिनीत नत्र वाया जाते किंवा पिकाला कमी मिळते, म्हणून ती तूट भरून काढायची.

तूट कशी होते, ते आकड्यांत पाहू. युरिया मातीत विघटित होऊन अमोनियम तयार होतो. पाण्यातील अमोनियम आणि अमोनिया वायू यांचे प्रमाण सामूवर ठरते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला, सामू ७.२५ असेल तर सुमारे १ टक्का अमोनियारूपात असतो, ८.२५ ला सुमारे ९ टक्के आणि ९.२५ ला ५० टक्के. हा अमोनिया पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेत निघून जातो. शिवाय युरियाच्या विघटनानेच खताभोवतीचा सामू काही काळ आणखी वाढतो. म्हणून चोपण खाचरात वरून फेकलेल्या युरियाचा मोठा भाग रोपापर्यंत पोचतच नाही.

इथे पहिली फोड करायची. '२५ टक्के जादा' ही शिफारस नुकसानभरपाईची आहे. सहिष्णुतेबद्दल ती काहीच सांगत नाही. एखाद्या गळक्या हंड्यात जास्त पाणी ओतावे लागते, म्हणून पाण्यामुळे हंड्याचे भोक बुजते असे आपण म्हणत नाही.

यातून एक तार्किक परिणाम निघतो, आणि पत्रकांत त्याचा उल्लेख क्वचित असतो. जिप्सम टाकून आणि पाण्याचा निचरा करून चोपण जमिनीचा सामू खाली आणला, की अमोनियाचा ऱ्हास कमी होतो. मग जादा २५ टक्क्यांचे कारणही कमी होते. जमीन सुधारल्यानंतरही तीच मात्रा चालू ठेवली, तर तो खर्च सवयीपोटी होतो. उलट, खारवट पण सामू ८ च्या आत असलेल्या जमिनीत हेच कारण तितक्या जोराने लागू होत नाही. 'उवर' आणि 'कळर' यांना एकच पत्रक का पुरत नाही, ते इथे दिसते.

४. प्रयोगाचा तक्ता कसा वाचावा

आता प्रयोगांकडे वळू. नेहमीची रचना अशी असते : काही कुंड्यांत साधे पाणी, काहींत मिठाचे पाणी, त्या प्रत्येकात कमी नत्र आणि जास्त नत्र. काही आठवड्यांनी रोपांचे कोरडे वजन मोजतात. खालील तिन्ही उदाहरणांतले आकडे समजावण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत. वजन दर रोपाला मिलिग्रॅममध्ये आहे.

उदाहरण अ : साध्या पाण्यात कमी नत्राला २००, जास्त नत्राला ३००. मिठाच्या पाण्यात कमी नत्राला १००, जास्त नत्राला १५०.

उदाहरण आ : साध्या पाण्यात १२० आणि ३००. मिठाच्या पाण्यात १०० आणि १५०.

उदाहरण इ : साध्या पाण्यात २०० आणि २२०. मिठाच्या पाण्यात ८० आणि १६५.

तिन्ही उदाहरणांत मिठाच्या पाण्यातील रोप जास्त नत्राने जास्त वाढले. तेवढेच पाहणारा लेखक तिन्ही ठिकाणी 'सहिष्णुता वाढली' असे लिहील. पण सहिष्णुता म्हणजे क्षार नसताना जितके वाढले असते, त्याच्या तुलनेत क्षार असताना किती टिकले. हे गुणोत्तर काढा. उदाहरण अ मध्ये ते कमी नत्राला ५० टक्के आणि जास्त नत्रालाही ५० टक्के आहे. म्हणजे नत्राने रोप वाढवले, सहिष्णुता होती तेवढीच राहिली. उदाहरण आ मध्ये कमी नत्राला ८३ टक्के आणि जास्त नत्राला ५० टक्के. म्हणजे नत्राने सहिष्णुता कमी झाल्यासारखी दिसते. फक्त उदाहरण इ मध्ये ती ४० वरून ७५ टक्क्यांवर गेली. विधान खऱ्या अर्थाने फक्त इथे लागू आहे.

उदाहरण आ विचित्र वाटेल, पण ते समजणे महत्त्वाचे आहे. उपाशी रोपाची वाढ आधीच नत्राअभावी अडलेली असते. त्यावर मीठ टाकले तरी फरक थोडाच पडतो, कारण वाढ रोखणारा मुख्य घटक क्षार नसून भूक असते. लीबिगच्या न्यूनतम घटकाच्या नियमाचे हे सरळ रूप आहे. बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये धान्ये व भाज्यांवर क्षारता आणि सुपीकता यांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास केला. ग्रॅटन आणि ग्रीव्ह यांनी १९९९ मध्ये अशा कामांचा मोठा आढावा घेतला. त्यातून निघणारा मुद्दा हाच आहे : नत्राची कमतरता असेल तर ते दिल्याने खाऱ्या जमिनीतही पीक वाढते, मात्र नत्र पुरेसे असताना आणखी दिल्याने क्षाराचा परिणाम कमी झाल्याचे क्वचितच दिसते.

म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना तक्त्यात 'आंतरक्रिया' ही ओळ शोधा. क्षाराचा परिणाम लक्षणीय आणि नत्राचा परिणाम लक्षणीय असे लिहिले असेल, पण आंतरक्रिया लक्षणीय नसेल, तर सहिष्णुतेविषयीचा निष्कर्ष त्या तक्त्यातून निघत नाही. साध्या पाण्यातील कुंड्या ठेवलेल्याच नसतील, तर तो निष्कर्ष काढताच येत नाही.

इथे दुसऱ्या बाजूचेही ऐकायला हवे. गुणोत्तर हा संशोधकाचा मापदंड आहे. शेतकरी गुणोत्तर विकत नाही, भात विकतो. उदाहरण आ मधील खाऱ्या शेताच्या मालकाला १०० ऐवजी १५० मिळाले, तर नत्र दिलेले बरेच झाले. म्हणून अहवालात दोन्ही आकडे द्यावेत आणि दोन्हींना वेगळी नावे द्यावीत : एक 'खाऱ्या स्थितीतील वाढ' आणि दुसरा 'क्षारसहिष्णुता'. पहिल्याला दुसऱ्याचे नाव दिले की गोंधळ सुरू होतो.

५. नत्राबरोबर आणखी काय गेले?

बऱ्याच प्रयोगांत नत्र कॅल्शियम नायट्रेट किंवा पोटॅशियम नायट्रेट यांतून देतात. रोप सुधारले तर श्रेय नत्राला जाते. पण कॅल्शियम नायट्रेटातून कॅल्शियमही गेलेला असतो. लाहाय आणि एपस्टाइन यांनी १९६९ मध्येच घेवड्याच्या रोपांवर दाखवले होते की द्रावणात कॅल्शियम वाढवला तर मिठाची इजा मोठ्या प्रमाणात टळते. पोटॅशियम नायट्रेटाबद्दलही हाच प्रश्न आहे. सोडियमशी स्पर्धा करतो तो पोटॅशियम, आणि रोपातील पोटॅशियम-सोडियम गुणोत्तर हे सहिष्णुतेचे एक मुख्य लक्षण मानले जाते. मग सुधारणा कोणामुळे झाली? कॅल्शियम क्लोराइड किंवा पोटॅशियम सल्फेट दिलेल्या, तुलनेच्या कुंड्या नसतील तर उत्तर देता येणार नाही.

नायट्रेटाचा स्वतःचा एक खरा उपयोग आहे. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही ऋणभारित असल्याने मुळांत शिरताना एकमेकांना अडवतात. क्लोराइडने लवकर जळणाऱ्या लिंबूवर्गीय फळझाडांत नायट्रेट दिल्याने पानांतील क्लोराइड कमी झाल्याचे दिसते. पण ही गोष्ट उचलून भातावर ठेवता येत नाही. भातात जास्त घातक ठरतो तो सोडियम. त्यातच पाणी साठलेल्या चिखलात ऑक्सिजन नसल्याने नायट्रेटाचे विनत्रीकरण होते आणि नत्र वायुरूपात निघून जाते. म्हणून भात उत्पादक अमोनियम किंवा युरियाच वापरतो. कुंडीत वाळू आणि पोषकद्रावण घेऊन नायट्रेटावर काढलेला निष्कर्ष तंजावरच्या खाचरात किंवा पनवेलच्या खार जमिनीत तसाच लागू होईल, असे समजणे हीच पद्धतीची चूक आहे.

६. प्रोलिनचा पुरावा किती भक्कम?

विधानाच्या समर्थनार्थ एक जैवरासायनिक युक्तिवाद केला जातो. क्षाराच्या ताणात रोप प्रोलिनसारखी नत्रयुक्त संयुगे साठवते. ती पेशीला पाणी धरून ठेवायला मदत करतात. म्हणून जास्त नत्र म्हणजे जास्त प्रोलिन आणि जास्त सहिष्णुता. साखळी सुबक आहे, पण तिची शेवटची कडी भाताच्या बाबतीत कच्ची आहे. लट्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये भाताच्या रोपांवरील कामातून असा निष्कर्ष काढला की प्रोलिनचा साठा हे प्रतिकाराचे चिन्ह मानण्यापेक्षा इजेचे लक्षण मानणे योग्य. ग्लायसिन बीटेन हे दुसरे नत्रयुक्त संयुग तर भात नैसर्गिकपणे लक्षणीय प्रमाणात साठवतच नाही. त्यामुळे 'प्रोलिन वाढले, म्हणजे सहिष्णुता वाढली' असे लिहिलेल्या अहवालात आधी विचारा : रोपे जगली किती आणि पानांतला सोडियम किती होता? ताप वाढला म्हणून रोगी बरा होतो आहे असे आपण म्हणत नाही.

७. खत हाही एक क्षारच

रेडर आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये खतांचा 'क्षार निर्देशांक' मांडला. सोडियम नायट्रेटाला १०० मानले, तर समान वजनाच्या युरियाचा निर्देशांक सुमारे ७५, अमोनियम सल्फेटाचा ६९, अमोनियम नायट्रेटाचा १०५ आणि म्युरिएट ऑफ पोटॅशचा ११६ येतो. मातीतल्या द्रावणाचा परासरणदाब खतानेही वाढतो, एवढे लक्षात ठेवा.

युरियात आणखी एक मेख आहे. तो विद्युतभाररहित असल्याने विघटन होईपर्यंत विद्युतवाहकता मापकाला तो दिसत नाही. मापक कमी आकडा दाखवतो, पण मुळाला त्याचा ताण जाणवतो.

प्रमाणाचे ढोबळ गणित करू. हेक्टरी ४० किलो नत्र म्हणजे सुमारे ८७ किलो युरिया. खाचरात ५ सेंटिमीटर पाणी उभे असेल, तर ते हेक्टरी ५ लाख लिटर होते. युरियाची संहती लिटरला ०.१७ ग्रॅम. हे फार नाही. आता पाणी नसलेली, नुसती ओली रोपवाटिका घ्या. वरच्या २ सेंटिमीटर मातीत आकारमानाने ४० टक्के ओल धरली, तर हेक्टरी फक्त ८०,००० लिटर पाणी होते. संहती लिटरला सुमारे १.१ ग्रॅम, म्हणजे सहापटीहून अधिक. तयार होणारा बराच अमोनियम चिकणमातीला चिकटतो हे खरे, पण दोन-तीन पानांच्या रोपाची मुळे असतात नेमकी याच थरात. भात उगवताना आणि फुटवे येताना क्षार बऱ्यापैकी सोसतो. दोन-तीन पानांच्या अवस्थेत आणि पुढे फुलोऱ्याच्या सुमारास तो नाजूक असतो. म्हणजे ज्या वयात मदत करायला आपण खत टाकतो, त्याच वयात ते ताणात भर घालू शकते.

८. मग विधानात तथ्य काय?

आतापर्यंत आपण विधानाच्या विरुद्ध बोललो. त्यातले ग्राह्य ते मांडणेही चिकित्सेचाच भाग आहे.

भाताच्या मुळांत काही पाणी पेशींना वळसा घालून थेट वर जाते आणि त्याबरोबर सोडियम जातो. यिओ आणि फ्लॉवर्स यांच्या १९८० च्या दशकातील कामाने हे दाखवले. आत आलेला सोडियम किती घातक ठरेल, हे तो किती उतींत विभागला जातो यावरही ठरते. जोमदार रोपात तो विरळ होतो. काही उंच, जुने वाण क्षार सोसतात त्यामागे हे एक कारण आहे. नत्राने जोम येत असेल, तर या मार्गाने मदत शक्य आहे. पण नत्राने पाने वाढली की बाष्पोत्सर्जनही वाढते आणि सोडियमची आवकही वाढू शकते. नफा किती आणि तोटा किती, हे वाण, हवामान आणि क्षाराची पातळी यांवर ठरणार. म्हणून 'नत्राने सहिष्णुता वाढते' या ऐवजी 'नत्राची कमतरता दूर केल्यास रोपाला क्षार सोसण्याची अधिक संधी मिळते' असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

शेतकऱ्यांची जुनी पद्धतही याच्याशी जुळते. टोकाच्या गावांत शक्य असेल तिथे रोपवाटिका गोड्या पाण्याच्या, चांगल्या जमिनीत करतात, आणि रोप थोडे जून, सशक्त झाल्यावर, नाजूक वय ओलांडून खाऱ्या खाचरात लावतात. क्षारग्रस्त शेतात एका चुडात नेहमीपेक्षा जास्त रोपे लावण्याची शिफारसही आहे, म्हणजे काही मेली तरी ठिकाण रिकामे राहत नाही. कोकणात 'तरवा' चांगला तयार झाल्याशिवाय लावणीची घाई करत नाहीत, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. नत्राला सर्वांत योग्य जागा मिळते ती इथे : क्षार नसलेल्या रोपवाटिकेत, रोप क्षाराला सामोरे जाण्यापूर्वी.

त्यापुढचे काम वाणाचे. केरळच्या पोक्काली भातात सापडलेला 'साल्टॉल' हा गुणसूत्रखंड आज पैदास कार्यक्रमांत वापरला जातो. कोकणासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल मालिकेतील वाण दिले, तर तिरुचिरापल्लीहून चोपण जमिनींसाठी टीआरवाय मालिका आली. नागपट्टिनमच्या बाजूला कुळियडिच्चानसारखे पारंपरिक वाण खाऱ्या शेतांत टिकतात म्हणून ओळखले जातात.

आणि सगळ्यात मोठे काम पाण्याचे. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी हॅरल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारग्रस्त जमिनींवर पुस्तिका लिहिली, तेव्हा नीरेचा डावा कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली होती. कालव्याच्या पाण्याने भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षार वर आले, हा तिथला धडा आहे. नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने शेतांत समुद्राचे पाणी घुसवले. तिथे बऱ्याच शेतांतील क्षार उतरले ते पुढच्या पावसाने धुऊन निघाल्यावर. दोन्ही ठिकाणी प्रश्न आणि उत्तर दोन्ही पाण्यात आहे. नत्राचे स्थान त्यानंतरचे.

९. शेतात उभे राहिल्यावर

या चर्चेचा उपयोग कुठे होतो? टोकाच्या गावातील शेतकऱ्याला रोपे पिवळी दिसतात. दुकानदार सांगतो, 'युरिया टाका.' तुम्ही तिथे असाल, तर आधी तीन शक्यता तपासा.

नत्राची कमतरता असेल तर जुनी पाने टोकाकडून एकसारखी फिकट पिवळी होतात आणि सबंध शेत साधारण सारखे दिसते. क्षाराची इजा असेल तर पानांची टोके पांढुरकी होऊन वाळतात, पाने गुंडाळतात आणि शेतात ठिपक्याठिपक्यांनी मर दिसते. उंचवट्यावर ती जास्त असते. जस्ताची कमतरता असेल तर लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत पानांवर तांबूस-तपकिरी गंजासारखे डाग येतात. चोपण जमिनीत हे वारंवार होते.

पहिल्या शक्यतेत युरिया योग्य आहे, तोही विभागून. दुसऱ्या शक्यतेत आधी गोड्या पाण्याची पाळी आणि निचरा हवा. तिसऱ्या शक्यतेत झिंक सल्फेट. तिन्हींना युरियाच टाकला, तर दोन वेळा पैसे आणि दिवस दोन्ही जातात. आणि सांबा हंगामात गेलेले दिवस परत मिळत नाहीत, कारण पुढे ईशान्य मोसमी पाऊस कोवळ्या रोपावर येतो.

१०. समारोप

आपण एका विधानाचे चार भाग केले. जादा नत्राची शिफारस ऱ्हासाची भरपाई म्हणून आहे. खाऱ्या स्थितीत नत्राने होणारी वाढ ही बहुधा भूक भागल्याची वाढ असते. काही प्रयोगांतील सुधारणा कॅल्शियम किंवा पोटॅशियमची असू शकते. आणि उरलेला, खरोखर सहिष्णुतेचा भाग लहान, परिस्थितीवर अवलंबून आणि आंतरक्रियेच्या पुराव्याशिवाय मान्य न करण्याजोगा आहे. पुढच्या वेळी तुमच्या अहवालात 'सहिष्णुता' हा शब्द लिहिण्यापूर्वी साध्या पाण्यातील कुंड्यांचा आकडा समोर ठेवा.

स्वाध्याय

(१) खारवट आणि चोपण जमिनींत जादा नत्र देण्याची कारणे वेगवेगळी लिहा.
(२) पुढील काल्पनिक आकड्यांवरून क्षारसहिष्णुता वाढली का, ते ठरवा : साध्या पाण्यात कमी नत्राला १८०, जास्त नत्राला २४०, मिठाच्या पाण्यात ९० आणि १२०.
(३) पोटॅशियम नायट्रेटाच्या परिणामातून नत्राचा परिणाम वेगळा काढण्यासाठी कुंड्यांचे कोणते गट ठेवाल?
(४) मातीचा सामू ९ वरून ८ वर आला, तर '२५ टक्के जादा नत्र' ही शिफारस तुम्ही कशी बदलाल? कारणे द्या.
(५) तुमच्या जिल्ह्यातील क्षारग्रस्त जमिनीसाठी असलेले एखादे खतपत्रक मिळवा आणि त्यातील प्रत्येक विधानापुढे 'भरपाई', 'भूक' किंवा 'सहिष्णुता' यांपैकी योग्य शब्द लिहा.